वेग आणि विस्तार

१६ एप्रिल १८५३ या दिवशी मुंबईच्या बोरीबंदरहून चौदा डब्यांची एक गाडी सुमारे चारशे निमंत्रितांना घेऊन ३४ किलोमीटरांवरील ठाण्याकडे निघाली. भारतातील प्रवासी रेल्वेचा आरंभ म्हणून हा दिवस ओळखला जातो. बैल वा घोडे न जोडता धावणारी ही गाडी पाहण्यासाठी लोकांनी दुतर्फा गर्दी केली होती. त्यांना नवल वाटले ते मुख्यतः तिच्या वेगाचे. पुढे रेल्वे खेडोपाडी पोहोचली, तिच्याविना बाजारहाट, नोकरी, यात्रा आणि लग्नकार्ये अशक्य झाली, आणि ते नवल हळूहळू ओसरले. रेल्वे ही कौतुकाची वस्तू न राहता गरजेची वस्तू झाली.

गेल्या काही वर्षांत वेगाचे नवल पुन्हा परतले आहे. वंदे भारत एक्सप्रेसचे निमुळते तोंड, आपोआप उघडणारी दारे आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे उभे राहणारे खांब यांची चर्चा घरोघरी होते. या चर्चेत एका वर्गाचे म्हणणे विशेष लक्षपूर्वक ऐकण्याजोगे आहे. तो वर्ग म्हणजे रेल्वेप्रेमींचा.

रेल्वेप्रेमी हे कोणत्याही एका व्यवसायाचे लोक नव्हेत. त्यांत शिक्षक आहेत, बँकेतील कर्मचारी आहेत, महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत, तसेच निवृत्त रेल्वे कामगारही आहेत. इंजिनाच्या आवाजावरून त्याचा प्रकार ओळखणे, जुनी वेळापत्रके जपून ठेवणे, घाटातील वळणावर तासन्‌तास उभे राहून छायाचित्रे काढणे हा त्यांचा छंद असतो. मुंबई आणि पुणे यांच्या दरम्यान १ जून १९३० पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनचा वाढदिवस आजही पुणे स्थानकावर प्रवासी आणि रेल्वेप्रेमी मिळून साजरा करतात. एखाद्या यंत्राचा वाढदिवस करणे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. परंतु ज्या गाडीने तीन-चार पिढ्यांच्या पोटापाण्याची सोय केली, तिच्याविषयी घरच्या माणसासारखा जिव्हाळा वाटावा यात अस्वाभाविक काही नाही.

अशा माणसांना नव्या वेगवान गाड्यांचा आनंद झाला नाही, असे कसे होईल? वंदे भारत एक्सप्रेस १५ फेब्रुवारी २०१९ रोजी नवी दिल्ली ते वाराणसी या मार्गावर प्रथम सुरू झाली. ती चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत, भारतीय अभियंत्यांनी घडविली. या गाडीला वेगळे इंजिन जोडावे लागत नाही. तिला ओढणाऱ्या मोटारी निरनिराळ्या डब्यांखाली विभागलेल्या असतात. त्यामुळे ती थांब्यावरून निघताच चटकन वेग घेते आणि तितक्याच चटकन थांबू शकते. कर्जत ते लोणावळा हा बोरघाटाचा चढ ३७ मीटर अंतरात एक मीटर वर चढणारा आहे. तेथे इतर गाड्यांना मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने जोडण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत मात्र हा चढ त्या मदतीवाचून चढते. ज्यांनी घाटातील इंजिनांची धाप लहानपणापासून ऐकली आहे, त्यांना या गोष्टीचे मोल सांगावे लागत नाही.

तथापि, रेल्वेप्रेमींचे प्रेम आंधळे नसते. ते गाडीचे रूप पाहतात, तसे तिचे वेळापत्रकही पाहतात. आणि वेळापत्रक ही मोठी निष्ठुर वस्तू आहे. जाहिरातीत सांगितला जातो तो कमाल वेग. प्रवाशाच्या वाट्याला येतो तो सरासरी वेग. या दोहोंमधील अंतर समजून घेतल्याशिवाय वेगाविषयीची कोणतीही चर्चा पुरी होत नाही.

मार्च १९६९ मध्ये नवी दिल्ली आणि हावडा यांच्या दरम्यान पहिली राजधानी एक्सप्रेस सुरू झाली. तिचा कमाल वेग ताशी १२० किलोमीटर होता आणि सुमारे १,४५० किलोमीटरांचे अंतर ती १७ तास २० मिनिटांत कापीत असे. म्हणजे तिचा सरासरी वेग ताशी सुमारे ८४ किलोमीटर होता. पन्नास वर्षांनी आलेली वंदे भारत चाचणीच्या वेळी ताशी १८० किलोमीटर वेगाने धावली. परंतु नवी दिल्ली ते वाराणसी हे सुमारे ७६० किलोमीटरांचे अंतर कापण्यासाठी तिला आठ तास देण्यात आले. हा सरासरी वेग ताशी ९५ किलोमीटर होतो. दोन मार्ग वेगळे आहेत, हे मान्य केले तरी अर्ध्या शतकात प्रवाशाच्या घड्याळावर पडलेला फरक यंत्रातील फरकाच्या मानाने फार थोडा आहे, हे नाकारता येत नाही.

असे का व्हावे? गाडी कितीही वेगवान असली, तरी तिला धावायचे असते ते रुळांवरून. वळणे, जुने पूल, फाटके, स्थानकाजवळील सांधे, दुरुस्ती चाललेले भाग अशा ठिकाणी वेग कमी करावाच लागतो. साध्या हिशेबाने हे स्पष्ट होईल. शंभर किलोमीटरांचा एक मार्ग आहे असे समजू. त्यातील नव्वद किलोमीटर गाडी ताशी १३० किलोमीटर वेगाने धावते आणि उरलेल्या दहा किलोमीटरांत तिला ताशी ३० किलोमीटर वेगाने जावे लागते. तिला एकूण सुमारे ६२ मिनिटे लागतील. आता चांगल्या भागातील वेग १६० वर नेला, तर हा वेळ सुमारे ५४ मिनिटांवर येईल. पण कमाल वेग १३० च ठेवून केवळ त्या दहा खराब किलोमीटरांतील वेग ३० वरून ६० वर आणला, तर प्रवास सुमारे ५२ मिनिटांत पुरा होईल. दुसरा उपाय पाहुण्यांना दाखविण्यासारखा नसतो. त्याच्या उद्‌घाटनाला फीतही कापता येत नाही. मात्र त्याचा लाभ त्या मार्गावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला मिळतो, मग ती वंदे भारत असो की सकाळची पॅसेंजर.

म्हणूनच अनेक जाणते रेल्वेप्रेमी नव्या गाडीची बातमी ऐकताच पहिला प्रश्न विचारतात तो रुळांविषयी. मार्ग एकेरी आहे की दुहेरी? मालगाड्यांसाठी वेगळी सोय आहे काय? या प्रश्नांमागे एक महत्त्वाचे सूत्र आहे. एकाच मार्गावरून धावणाऱ्या गाड्यांच्या वेगांत जितका अधिक फरक असेल, तितक्या कमी गाड्या त्या मार्गावर मावतात. शीघ्र गाडीला वाट देण्यासाठी मंद गाडीला बाजूच्या रुळावर थांबावे लागते. कोकण रेल्वेचेच उदाहरण घेता येईल. दुर्गम डोंगर, खोल दऱ्या आणि मोठ्या नद्या ओलांडून १९९८ मध्ये पूर्णत्वास गेलेला हा मार्ग अभियांत्रिकीचा अभिमानास्पद नमुना आहे. परंतु त्याचा बराच मोठा भाग अजूनही एकेरी आहे. २७ जून २०२३ रोजी मुंबई-मडगाव वंदे भारत याच मार्गावर सुरू झाली. एकेरी मार्गावर एका गाडीचे वाचलेले मिनिट बहुधा दुसऱ्या कोणत्यातरी गाडीने भरलेले असते. लहान स्थानकावर ‘क्रॉसिंग’साठी थांबलेल्या गाडीतील प्रवासी खिडकीतून वेगवान गाडी सपाट्याने जाताना पाहतो, तेव्हा तिच्या वेगाची किंमत तोच मोजीत असतो.

यावर दुसऱ्या बाजूचे म्हणणेही विचारात घ्यावयास हवे, कारण ते दुर्बळ नाही. वेगवान गाड्यांचे समर्थक म्हणतात की, नवे तंत्र प्रथम मोजक्या आणि महागड्या गाड्यांतच येते आणि तेथून ते सर्वांपर्यंत पोहोचते. याला पुरावाही आहे. जर्मन तंत्रज्ञानावर आधारलेले एलएचबी डबे या शतकाच्या आरंभी शताब्दीसारख्या निवडक गाड्यांना जोडले गेले. अपघाताच्या वेळी हे डबे एकमेकांवर सहसा चढत नाहीत, म्हणून ते जुन्या डब्यांपेक्षा अधिक सुरक्षित मानले जातात. पुढे २०१८ मध्ये चेन्नईच्या कारखान्याने जुन्या पद्धतीचे डबे बनविणे थांबविले आणि सामान्य गाड्यांनाही नवे डबे मिळू लागले. डेक्कन क्वीनलाही २०२२ मध्ये ते मिळाले. श्रीमंतांच्या गाडीतून आलेली सुरक्षितता अखेर गरिबाच्या गाडीत उतरली, हे खरे आहे. पण ती उतरण्यास जवळजवळ दोन दशके लागली, हेही तितकेच खरे आहे. तंत्र आपोआप झिरपत नाही. ते झिरपावे यासाठी धोरण आखावे लागते आणि पैसा बाजूला काढावा लागतो.

३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या अमृत भारत एक्सप्रेसकडे या दृष्टीने पाहणे योग्य ठरेल. या गाडीला दोन्ही टोकांना इंजिने असतात, त्यामुळे ती लवकर वेग घेते. डब्यांची जोडणी अशी असते की, धक्के कमी बसतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पहिल्या अमृत भारत गाड्या शयनयान आणि अनारक्षित डब्यांच्याच होत्या. त्यांत वातानुकूलित डबे नव्हते. दरभंगा ते दिल्ली किंवा माल्दा ते बेंगळुरू असा प्रवास करणारा श्रमिक डोळ्यांपुढे ठेवून गाडी आखता येते, हे तिने दाखवून दिले. ज्या रेल्वेप्रेमींनी वंदे भारतवर टीका केली होती, त्यांतील अनेकांनी अमृत भारतचे मनापासून स्वागत केले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांचा आक्षेप वेगाला नव्हता. वेगाच्या वाटणीला होता.

बुलेट ट्रेनचा प्रश्न थोडा निराळा आहे. मुंबई ते अहमदाबाद या ५०८ किलोमीटरांच्या मार्गावर बारा स्थानके असून गाड्यांचा वेग ताशी ३२० किलोमीटर असेल, अशी आखणी आहे. १४ सप्टेंबर २०१७ रोजी तिची पायाभरणी झाली. मूळ नियोजनातील २०२३ हे वर्ष मागे पडले आणि जमिनीचे संपादन हा वादाचा विषय झाला. पालघर जिल्ह्यातील शेतकरी आणि आदिवासी यांनी घेतलेल्या हरकती वेगाच्या उत्साहात विसरता येणार नाहीत. रेल्वेप्रेमींमधील वाद आणखी एका मुद्द्यावर आहे. भारतातील रुंदमापी रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर आहे, तर बुलेट ट्रेनच्या रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर आहे. म्हणजे नव्या मार्गावरील गाडी जुन्या मार्गावर जाऊ शकणार नाही आणि जुनी गाडी नव्या मार्गावर येऊ शकणार नाही.

जगात या दोन्ही पद्धती आढळतात. जपानने १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते ओसाका अशी पहिली शिंकानसेन सुरू केली. तेथील जुने रूळ अरुंद असल्यामुळे नवा मार्ग सर्वस्वी वेगळा बांधण्यात आला. मंद गाड्यांची आणि फाटकांची अडचण त्यावर नाही. साठ वर्षांहून अधिक काळ शिंकानसेनमध्ये रूळ घसरून अथवा टक्कर होऊन एकाही प्रवाशाचा मृत्यू झालेला नाही, ही या वेगळेपणाची मोठी देणगी आहे. याउलट फ्रान्सने १९८१ मध्ये पॅरिस ते लियाँ या दिशेने वेगवान गाडी सुरू केली, तेव्हा नवे आणि जुने रूळ एकाच मापाचे ठेवले. त्यामुळे ती गाडी नवा मार्ग संपल्यावर जुन्या रुळांवरून दूरच्या गावांपर्यंत जाऊ शकली. भारताने जपानी पद्धत स्वीकारली आहे. ती स्वीकारण्यात चूक नाही. मात्र अशा वेळी नव्या स्थानकांपासून जुन्या स्थानकांपर्यंत जाण्याची सोय किती चांगली आहे, यावर तिचा उपयोग अवलंबून राहील. दोन तासांत अहमदाबादहून मुंबईस आलेल्या प्रवाशाला पुढे कल्याणला वा नाशिकला जाण्यासाठी तितकाच वेळ ताटकळावे लागले, तर वाचलेला वेळ वाचला असे म्हणता येणार नाही.

वेगाची ही बाजू पाहिल्यानंतर विस्ताराकडे वळले पाहिजे, कारण सामान्य माणसाच्या आयुष्यात वेगापेक्षाही गाडी असणे किंवा नसणे अधिक निर्णायक ठरते. बीड जिल्ह्याच्या लोकांनी अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरांच्या मार्गासाठी कित्येक दशके मागणी केली. हा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर गाडी सुरू झाली. ही गाडी वेगाच्या कोणत्याही विक्रमात बसणारी नाही. पण ऊसतोडणीसाठी दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या जिल्ह्यात रेल्वेची शिट्टी ऐकू यावी, ही घटना कोणत्याही विक्रमापेक्षा लहान नाही. दुसरीकडे विदर्भातील यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही ‘शकुंतला’ नावाने ओळखली जाणारी अरुंदमापी गाडी बंद पडली. एके काळी वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी हे रूळ टाकले गेले होते. गाडी मंद होती, जुनाट होती. पण तिचे तिकीट मजुराला परवडत असे. तिच्या जागी रुंदमापी मार्ग व्हावा, अशी मागणी तेथील लोक सातत्याने करीत आले आहेत. जुन्याचा निरोप घेण्यास त्यांची हरकत नाही. नवे येण्याआधी जुने नाहीसे झाले, हे त्यांचे दुःख आहे.

नवे येताना जुने काढून घेतले गेले, तर काय होते, याचा अनुभव मुंबईच्या उपनगरांनीही घेतला आहे. वातानुकूलित लोकल मुंबईत २५ डिसेंबर २०१७ पासून धावू लागली. तिचे स्वागत झाले. परंतु ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेवर साध्या लोकलच्या काही फेऱ्यांच्या जागी वातानुकूलित फेऱ्या चालविण्यात आल्या, तेव्हा कळवा आणि बदलापूर येथे प्रवाशांनी निदर्शने केली. अखेर नव्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. निदर्शने करणाऱ्यांना गारव्याचा राग नव्हता. साडेसातची नेहमीची लोकल हुकली तर कामावरची हजेरी हुकते आणि वातानुकूलित लोकलचा पास महिन्याच्या खर्चात बसत नाही, एवढाच त्यांच्या रागाचा अर्थ होता.

याच प्रकारचा आणखी एक प्रसंग देशभरच्या गरीब प्रवाशांनी अनुभवला. २०२० च्या टाळेबंदीनंतर ज्या पॅसेंजर गाड्या पुन्हा सुरू झाल्या, त्यांतील अनेक ‘विशेष’ किंवा ‘एक्सप्रेस’ या नावाने धावू लागल्या. परिणामी किमान भाडे दहा रुपयांवरून तीस रुपयांवर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पूर्ववत करण्यात आले. जवळच्या गावी भाजी विकण्यास जाणाऱ्या बाईला रोजच्या येण्याजाण्यात पडणारा चाळीस रुपयांचा हा फरक म्हणजे तिच्या नफ्याचा मोठा वाटा होय. गाडीचे नाव बदलल्याने तिचा वेग फारसा बदलत नाही. भाडे मात्र लगेच बदलते.

या सर्व उदाहरणांचा एकत्र विचार केला म्हणजे वेग आणि विस्तार यांत खरे वैर नाही, हे ध्यानात येते. वैर उत्पन्न होते ते क्रम चुकल्यामुळे. मार्ग सुधारण्याआधी वेगवान गाडी आणली, तर ती इतरांना थांबवून धावते. साध्या गाड्या पुरेशा नसताना त्यांच्याच वेळा काढून महाग गाडीला दिल्या, तर प्रवासाचे साधन असूनही प्रवासी दुरावतो. उलट पूर्व आणि पश्चिम अशा दोन मालवाहतूक मार्गांप्रमाणे, ज्यांची एकूण लांबी २,८०० किलोमीटरांहून अधिक आहे, स्वतंत्र रूळ टाकून मालगाड्या वेगळ्या केल्या, एकेरी मार्ग दुहेरी केले, खराब भाग दुरुस्त केले, तर वेगवान गाडी आणि पॅसेंजर या दोघींनाही आपापली वाट मिळते. तेव्हा नवी गाडी ही जुन्या गाडीची जागा घेणारी नसावी. ती तिच्या जोडीला येणारी असावी, हा नियम रेल्वेच्या प्रत्येक योजनेला लावून पाहिला पाहिजे.

अशा योजनांची पारख करण्याचे काम केवळ अधिकाऱ्यांवर किंवा छंद म्हणून रेल्वेचा अभ्यास करणाऱ्यांवर सोपवून भागणार नाही. रेल्वे ही सर्व नागरिकांच्या मालकीची आहे. गावाच्या स्थानकावरील थांबा का रद्द झाला, अनारक्षित डबे किती आहेत, रोजची गाडी वारंवार उशिरा का येते, हे प्रश्न विचारण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. वेळापत्रक वाचता यावे लागते आणि अर्ज लिहिता यावा लागतो. रेल्वेप्रेमी जुनी वेळापत्रके जपून ठेवतात, ती नव्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहण्यासाठी. प्रत्येक प्रवाशाने आपल्या गाडीपुरती ही सवय लावून घेतली, तर देशातील सर्वांत वेगवान गाडी किती धावते यासोबत सर्वांत मागे राहिलेली गाडी वेळेवर पोहोचते की नाही, याचाही हिशेब मागितला जाईल.